पट्टी कोणाची धरायची

आमच्या चर्चमध्ये अधूनमधून कोणीतरी मला विचारतंच, की ताई तुम्ही सगळा वेळ पेटीवर बसलेल्या, मग तुमची स्वतःची उपासना होते कधी? विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं. बहुतेक वेळा नवीन लग्न होऊन आलेली एखादी सून असते नाहीतर बदलीवर ग्वाल्हेरला आलेलं कुटुंब, आणि त्यांना खरोखरच वाटतं की पंगतीत वाढणारी बाई जशी सगळ्यांचं उरकल्यावर गार झालेलं जेवते तसंच माझंही होत असणार. मी हसून काहीतरी बोलून वेळ मारून नेते. पण प्रश्न काही सोडत नाही, आणि इतक्या वर्षांत मी स्वतःलाच त्याची वेगवेगळी उत्तरं दिलीत, त्यातलं सध्या जे पटतंय ते लिहून ठेवते.

आधी हे सांगून टाकते की वाजवताना माझ्या डोक्यात पवित्र असं काही म्हणजे काही नसतं. किती कडवी झाली, पाद्रीसाहेब तिसरं कडवं गाळणार की घेणार, पंख्याच्या वाऱ्याने गीतपुस्तकाचं पान उलटतंय, मे महिना असेल तर हनुवटीवरून घाम पट्ट्यांवर टपकतोय, पावसाळा असेल तर काळी तीनची पट्टी दाबली की वर येत नाही म्हणून ती टाळून कसं जायचं, आणि मागच्या बाकांवरची माणसं गातायत की नुसती उभी आहेत. एवढंच चाललेलं असतं. डोळे मिटून तल्लीन होऊन वाजवणारे मी पाहिलेत, हेवाही वाटतो त्यांचा, पण दुसऱ्या ओळीलाच अर्ध्या लोकांनी गाणं सोडून दिलंय हे त्यांना दिसत नाही ना. डोळेच मिटलेले.

थोडं आमच्याबद्दल. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मराठी घरं भरपूर, शिंद्यांबरोबर आलेली, बाड्याच्या आसपास आणि शिंदे की छावणीकडे अजून पुष्कळ आहेत, त्यांच्यात आम्ही ख्रिस्ती म्हणजे मिठाएवढे. माझे आजोबा नगरकडचे, इथे आले ते बिर्लानगरच्या जे.सी. मिलमध्ये नोकरीला, आणि येताना ट्रंकेबरोबर हातपेटी घेऊन आले. चर्चची उपासना हिंदीत, ती आमच्या वाट्याला आलेलीच भाषा आहे, आमचं मराठीही ग्वाल्हेरचंच, अर्ध्या वाक्यात हिंदी शिरते आणि पुण्याचे नातेवाईक हसतात. पण घरच्या प्रार्थना सभेला, कोणाचा वाढदिवस, कोणाचं नवीन घर, कोणाचं वर्षश्राद्ध (आम्ही त्याला स्मरणाची सभा म्हणतो, शेजारी मात्र वर्षश्राद्धच म्हणतात) तेव्हा मराठी गीतं निघतात. त्यात नारायण वामन टिळकांची रचना असणारच. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पुढची बरीच वर्षं ते नगरला राहिले, आणि ख्रिस्ती भक्ती त्यांनी अभंगात, ओवीत, आपल्या चालींत आणली. त्यांच्याही आधी नगरलाच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली होती. म्हणजे आजोबा जिथून आले तिथे येशूचं नाव टाळ-पेटी-तबल्यावर घेणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती, नवल इथे आल्यावर सुरू झालं.

कारण ग्वाल्हेर. या गावात संगीताचं नुसतं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. हजिऱ्याला तानसेनची कबर, शेजारी त्यांचे गुरू मानले जाणारे मुहम्मद गौस यांचा मकबरा, दर डिसेंबरात समारोह, आणि त्याची सुरुवात हरिकथेने आणि मिलादने होते, ढोलीबुवांची हरिकथा ऐकायला आमच्या गल्लीतले सगळे मराठी म्हातारे थंडीत मफलर गुंडाळून जायचे, आजोबाही जायचे. ख्याल गायकीचं सगळ्यात जुनं घराणं इथलं. हाफिज अली खाँसाहेबांचं घर इथे, आता तिथे सरोदचं म्युझियम आहे. माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना बोलावून १९१८ मध्ये संगीत विद्यालय काढलं ते इथे. अशा गावात आपण पेटी वाजवतो, आणि तीही चर्चमध्ये, असं सांगितलं की समोरचा 'अच्छा अच्छा' म्हणतो, त्या अच्छामध्ये बरंच काही असतं.

पण पेटीचाच जर विचार केला तर गंमत अशी की तिचा आणि चर्चचा संबंध आधीचा. अलेक्झांद्र दबें नावाच्या माणसाने १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मोठा नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नव्हता अशा लहान लहान चर्चेसनी आणि घरांनी हे वाद्य उचललं, आणि मिशनऱ्यांबरोबर ते बोटीतून इकडे आलं. ती पायपेटी. खुर्चीवर बसायचं, पायाने भाता मारायचा, दोन्ही हात मोकळे, चार आवाजांचं इंग्लिश स्टाइल गीत आरामात वाजतं. मग कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी तिला आपल्या बैठकीसाठी खाली उतरवली, हातपेटी केली. आता मांडी घालून बसायचं तर पाय गेले, भाता मारायला डावा हात गेला, आणि उरला एक उजवा हात.

हे मला फार मोठं वाटतं आणि याच्यावर कोणी फारसं बोलत नाही. एका हाताने चार आवाज वाजवताच येत नाहीत. वाजवता येतो तो एक सूर, त्याच्या मागेपुढे थोडा भरणा, फार तर आधाराला एखादा पंचम दाबून ठेवायचा. म्हणजे हात कमी झाला आणि तेवढ्यानेच ते वाद्य आपल्या गाण्याच्या कामाचं झालं, कारण आपलं गाणं एका सुरामागून दुसरा असंच चालतं. आणि त्या उजव्या हाताने काय करामत करता येते हे दाखवलं ते परत आमच्याच गावच्या माणसाने, भैया गणपतरावांनी, जयाजीराव शिंद्यांचे चिरंजीव, आई चंद्रभागाबाई स्वतः गाणाऱ्या. राजघराण्यातला माणूस, बीन-सरोद सोडून पेटी धरतो आणि तिच्यावर ठुमरी वाजवतो, लोकांनी तेव्हा काय काय म्हटलं असेल. मौजुद्दीन खाँसारखा ठुमरीचा गवई त्यांच्याकडे शिकला. पुढे नाटकात पेटी आली, कीर्तनात आली, भजनात आली, गुरुद्वारात आली, आणि कव्वालीत तर तिच्याशिवाय चालतच नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बाहेर काढलं, मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं निघत नाही, श्रुती म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा सापडत नाहीत, परदेशी आहे, वगैरे, आणि थेट १९७१ पर्यंत बाहेर ठेवली. आरोप खोटे नव्हते हं. मींड खरंच निघत नाही. पण तोपर्यंत खेड्यापाड्यातल्या देवळाला आणि चर्चला तिच्यावाचून गाता येईनासं झालं होतं.

आमच्या आजोबांना हा सगळा इतिहास ठाऊक नव्हता, त्यांना पेटी उघडायची कशी हे ठाऊक होतं. रविवारी दुपारी जेवण झालं की पेपर पसरायचा, त्यावर पेटी, वरची जाळी काढायची, पट्ट्यांची फळी स्क्रू काढून उचलायची, आणि खाली ओळीने पितळेचे सूर. एकेका पितळी पट्टीला खाच, खाचेत एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पातळ जीभ. एखादा सूर मुका झाला की बहुतेक वेळा जिभेखाली धुळीचा कण नाहीतर मुंगीचा पाय अडकलेला असायचा, तो कागदाची पातळ पट्टी सरकवून काढायचा. सूर उतरला असेल तर जिभेचं टोक ब्लेडने अगदी हलकं खरवडायचं म्हणजे चढतो, चढला असेल तर बुडाशी खरवडायचं म्हणजे उतरतो. जास्त खरवडलं की गेला. मी शेजारी बसून बघायचे, मला हात लावायची परवानगी नव्हती, भाता मारायची होती. 'हळू भर, आत साठू दे, धपाधप मारलीस तर सूर हिसके देतो.' हिसके दिलेला सूर म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीत धक्का, असं त्यांचं म्हणणं.

बायबलमध्ये वाद्यांची कमी नाही. उत्पत्तीच्या चौथ्याच अध्यायात यूबाल येतो, तंतुवाद्य आणि पावा वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष. १५० व्या स्तोत्रात तर अख्खी यादी आहे, शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, पावा, आणि झांजा एकदा नाही दोनदा. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात दाविद राजाने नेमलेले शिकलेले गाणारे-वाजवणारे २८८ मोजलेत, आणि कोणी कधी वाजवायचं त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, गुरू काय नि शिष्य काय सगळ्यांना सारखंच. आमच्याकडे रोस्टरवरून होणारी भांडणं बघितली की चिठ्ठ्यांची आयडिया किती शहाणपणाची होती ते कळतं.

मला आवडतात ते त्यातले दोन प्रसंग. एक, अलीशा संदेष्टा, तीन राजे समोर उभे, पाण्यावाचून सैन्य मरायला टेकलंय, आणि हा म्हणतो आधी एक वाजवणारा आणा. वाजवणारा वाजवायला लागतो तेव्हा परमेश्वराचा हात त्याच्यावर येतो. वाजवणाऱ्याचं नाव काय, त्याने काय वाजवलं, पुढे त्याचं काय झालं, काही दिलेलं नाही, एका ओळीत येतो आणि जातो. दुसरा प्रसंग दाविदाचा. शौल राजाला वेड लागल्यागत व्हायचं तेव्हा दाविद वीणा वाजवायचा आणि त्याला बरं वाटायचं, हे सगळ्यांना माहितीये, संडे स्कूलमध्ये चित्र रंगवून घेतात. पण दोनच अध्याय पुढे जा, दाविद तसाच वाजवतोय, रोजच्यासारखा, आणि शौल त्याच्यावर भाला फेकतो. एकदा नाही, दोनदा. हे चित्र कोणी रंगवून घेत नाही. मला मात्र तेच जास्त खरं वाटतं, की वाद्य म्हणजे काही मंत्र नाही, तीच वीणा, तोच हात, तोच देव, आणि ऐकणारा कधी निवतो कधी भाला उचलतो. वाजवणाऱ्याने आपल्याकडून सूर नीट ठेवायचा.

चर्चवाल्यांनीही वाद्यांवर भाले कमी फेकलेले नाहीत. पहिली काही शतकं तर चर्चचे मोठे मोठे गुरू वाद्यांच्या विरोधातच होते, ती नाचगाण्याच्या जागांची, मूर्तिपूजकांच्या जत्रांची वस्तू म्हणून. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत अजूनही बहुतेक ठिकाणी नुसता माणसाचा गळा. झुरिकचा धर्मसुधारक झ्विंगली स्वतः कितीतरी वाद्यं वाजवणारा, हाडाचा संगीतकार, पण उपासनेत वाद्य नको यावर ठाम, आणि १५२७ मध्ये तिथल्या मुख्य चर्चमधला ऑर्गन तोडला गेला. कॅल्व्हिनचंही तेच, स्तोत्रं म्हणा, वाद्य नको. कॅथलिकांकडे दहावे पायस पोप यांनी १९०३ मध्ये फर्मान काढलं त्यात पियानो चर्चमध्ये मना, आणि ढोल-झांजांसारखी गलका करणारी वाद्यंही मना. झांजा! ज्या स्तोत्राच्या शेवटी झांजा दोनदा आल्यात ते स्तोत्र हेच लोक म्हणत होते. पुढे १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने दार उघडलं, ऑर्गनचा मान ऑर्गनला, पण इतर वाद्यंही उपासनेला शोभतील अशी असली तर चालतील, आणि आपल्या देशातल्या कॅथलिक चर्चेसमध्ये तबला-पेटीला मोकळी जागा झाली.

पूर्वी मला या विरोध करणाऱ्यांचा राग यायचा. आता येत नाही, कारण त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती असं दर रविवारी दिसतं. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतोच ना, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, तुमच्या वीणांचा आवाज मला ऐकायचा नाही. वाद्याची सवयच अशी की ते लक्ष स्वतःकडे ओढतं. चांगलं वाजलं तर जास्तच ओढतं.

बाखचं उदाहरण देते. योहान सेबास्टियन बाख, ज्याच्या पुढे सगळं जग झुकतं, जो आपल्या कितीतरी रचनांच्या शेवटी लिहायचा की महिमा फक्त देवाला. हा वीस वर्षांचा असताना आर्नश्टाट नावाच्या लहान गावात चर्चचा ऑर्गन वाजवायचा, आणि फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या कमिटीने त्याला समोर उभं करून झापलं. चार महिने गायब होतास हा एक मुद्दा, आणि दुसरा असा की मंडळीच्या गीताला साथ करताना तू चमत्कारिक पलटे घेतोस, भलतेच सूर मिसळतोस, त्याने लोक गोंधळतात. हा किस्सा सांगणारे सगळे कमिटीला हसतात, की बघा, बाखला नावं ठेवणारी अडाणी माणसं. मी इतकी वर्षं साथ करून आता कमिटीच्या बाजूला सरकले आहे. लोक गोंधळत होते ना? मग मुद्दा संपला. बाकावर उभा असलेला चांभार नाहीतर धोबी, आठवडाभर राबून आलेला, त्याला एकच चाल येते, आणि ती चाल त्याच्या पायाखालून काढून घेणारा वीस वर्षांचा पोरगा कितीही मोठा कलाकार असला तरी त्या क्षणी तो देवाकडे पाठ करून बसलेला असतो असं मला वाटतं. माझंच मत आहे, बाखचे भक्त रागावतील. पण हाच बाख पुढे आपल्या बायबलच्या समासात टीप लिहितो, जिथे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात मंदिराच्या उद्घाटनाला १२० याजक कर्णे वाजवतात आणि वाजवणारे-गाणारे मिळून एकच आवाज निघतो आणि मंदिर मेघाने भरून जातं, त्या ठिकाणी, की भक्तीने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेने नेहमी हजर असतो. एकच आवाज निघाला, मग मेघ आला. समासात लिहायला त्याने जागा नेमकी निवडली.

तर एकच आवाज कसा निघतो, हा खरा कामाचा प्रश्न, आणि त्याचं अर्धं उत्तर पट्टीत आहे.

गाण्याचा सा कुठे धरायचा याला आपण पट्टी म्हणतो, पुरुष साधारण काळी एक, काळी दोनला गातात, बायकांची पट्टी काळी चार-पाचच्या आसपास, हे गाण्याच्या क्लासला पहिल्याच महिन्यात सांगतात. पण क्लासमध्ये एकटा गातो. चर्चमध्ये पाद्रीसाहेब आहेत, रिटायर्ड फौजी आहेत ज्यांचा आवाज छातीतून येतो, सातवीतला मुलगा आहे ज्याचा गळा नुकता फुटलाय, तीस-पस्तीसच्या सुना आहेत, आणि मागच्या बाकांवर सत्तरी-ऐंशीच्या बायका, ज्यांचा आवाज वयाने खाली उतरलेला, वरचे सूर संपले, श्वास अर्ध्या ओळीला पुरतो. या सगळ्यांना एकच सा द्यायचा. नुसता साही बघून चालत नाही, चाल कुठपर्यंत चढते ते बघावं लागतं. ध्रुपद, म्हणजे गीताची परत परत येणारी ओळ, मध्य सप्तकात आरामात चाललेलं असतं, सगळे खूश, आणि अंतरा तार गंधाराला, वरच्या सप्तकातल्या ग ला गेला की निम्मी माणसं गायब. गायब म्हणजे ओठ हलतात, आवाज नाही. काही जणी एकदम सप्तक खाली टाकतात आणि पुटपुटतात. बाहेरून कळत नाही, गाणं छान चाललंय असं वाटतं, कारण पुढचे चार खणखणीत गळे चढवतात ना. पेटीवर बसलेलीला कळतं.

आमच्याकडे एक मावशी होत्या, आयुष्यभर नर्स होत्या, शेवटी शेवटी काठी घेऊन यायच्या आणि उजव्या बाजूला शेवटून दुसऱ्या बाकावर बसायच्या. घरच्या सभेला एकदा त्यांच्या अगदी शेजारी पेटी घेऊन बसले होते. टिळकांचंच गीत होतं, मी नेहमीच्या काळी दोनला धरलं होतं, सगळ्यांना त्याचीच सवय. अंतरा आला आणि मावशींनी पुस्तक मिटलं. रागाने नाही, सहज, जसं आपलं स्टेशन नसलं की आपण खिडकीतून आत बघतो. गीत त्यांना पाठ होतं, लहानपणापासून, त्यांच्या आईने शिकवलेलं, आणि आता ते त्यांच्या हाताला लागत नव्हतं, वर ठेवलं होतं आम्ही. पुढच्या गीताला मी न विचारता उतरले, काळी दोन सोडून तिच्या खालची पांढरी सात, फौजी काकांनी भुवया उचलल्या, त्यांना ते पचपचीत वाटलं. मावशींचा आवाज अंतऱ्याला निघाला. चांगला नव्हता हो, घोगरा, थरथरणारा, थोडा बेसूरच. पण शब्द एकेक स्पष्ट, आणि तो आवाज आल्यावर त्यांच्या दोन्ही बाजूच्या बायकाही गायला लागल्या, ज्या मला वाटायचं की मुळात गातच नाहीत.

तेव्हापासून मला त्या सुनेच्या प्रश्नाचं उत्तर असं द्यावंसं वाटतं, की माझी उपासना ही पट्टी धरण्यातच होऊन जाते. गीत सुरू व्हायच्या आधी, पाद्रीसाहेब नंबर सांगतात आणि लोक पाणी प्यायल्यासारखं खाकरतात त्या चार सेकंदांत. समोर कोण आलंय, मागे कोण आहे, कोण आजारातून उठलंय, आज पहिल्यांदा आलेलं कोणी आहे का ज्याला चालच माहीत नाही, मग पूर्ण ध्रुपद एकदा नुसतं वाजवून दाखवायचं की अर्धं पुरे. लय कुठे ठेवायची की म्हाताऱ्यांचा श्वास पुरेल आणि पोरं झोपणार नाहीत. पुढे सगळं हात करतात. मला शब्द म्हणायला कित्येकदा सुचतही नाही, भाता आणि श्वास एकदम सांभाळताना गाणं माझ्याच्याने होत नाही. तर चार सेकंद. त्यात मंडळीतला एकेक माणूस माझ्या डोळ्यांपुढून जातो, नावानिशी. दुसरे लोक याला मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना म्हणतात आणि त्यासाठी गुडघे टेकतात.

आता चर्चमध्ये कीबोर्ड आलाय, गिटार, काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका), आणि मोठ्या सणाला ड्रम पॅड. पोरं मेहनती आहेत, शनिवारी तीन-तीन तास प्रॅक्टिस करतात, आणि माझ्या वयाच्या लोकांसारखं 'आमच्या वेळी' म्हणत बसायला मला आवडत नाही, कारण आजोबांच्या वेळीही कोणीतरी तबल्यावर नाक मुरडलं होतंच. वाद्य कुठलं यावर भांडून उपयोग नाही, पेटी स्वतः आहे फ्रेंच. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मी त्यांच्या तोंडावर केलेली आहे. स्केल ठरवतो तो मुख्य गाणारा, तोही मोबाइलवर ऐकलेल्या मूळ रेकॉर्डिंगच्या हिशोबाने, आणि ते रेकॉर्डिंग ज्याने केलं त्याचा गळा म्हणजे स्टुडिओत कमावलेला गळा. मग होतं असं की स्टेजवर मस्त चाललेलं असतं, दोन मॉनिटर, आवाज मोठा, आणि खाली मंडळी हात वर करून उभी, भावुक, डोळे ओले, पण गात नाहीत. पोरांना वाटतं लोक तल्लीन झालेत. काही झाले असतीलही. मी मागे जाऊन उभी राहिले तेव्हा मला तरी स्पीकरशिवाय काही ऐकू आलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचं कॅथलिकांचं मला म्हणून पटतं. त्या दिवसांत वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून, नुसतं वादन नाही. आणि पवित्र गुरुवारच्या महिमागीतानंतर ते ईस्टरच्या जागरणापर्यंत ऑर्गन जवळजवळ बंदच, रीत जुनी आहे. आमच्याकडे असा लेखी नियम नाही पण गुड फ्रायडेला आजोबा पेटीचं झाकण उघडत नसत, आणि मीही नाही उघडत. त्या दुपारी तीन तासांच्या उपासनेत बिनवाद्याचं गाताना गंमत होते, कोणीतरी एक जण कुठल्यातरी पट्टीत उचलतो, हळूहळू सगळे त्याला मिळतात, दोन कडव्यांत सूर अर्धा-पाऊण खाली घसरतो, आणि आपोआप तिथे येऊन थांबतो जिथे सगळ्यांना गाता येतं. ती पट्टी मी मनात नोंदवून ठेवते. कित्येकदा ती माझ्या अंदाजापेक्षाही खालीच निघालेली आहे.

मावशी आता नाहीत. त्यांच्या बाकावर दुसऱ्या दोघी बसतात, एक हिंदीभाषक दादी आणि एक आमच्यातलीच, नागपूरकडून लेकाकडे राहायला आलेली आजी, त्यांना मराठी ऐकू आलं की एकदम जोर चढतो. मागच्या नाताळाच्या आधी मी पोरांना म्हटलं की एक करून बघू, शनिवारच्या प्रॅक्टिसला या दोघींना बोलवू, त्या गातील त्या पट्टीला आपण बसू. पोरं तयार झाली, चहा-समोशाचं आमिष मीच ठेवलं होतं. कीबोर्डवाल्याला तर सोपं, ट्रान्सपोजचं बटण, मला इकडे बोटं बदलावी लागतात. पहिल्या गीताला नागपूरच्या आजी म्हणाल्या अजून खाली घे बाळा, त्याने घेतलं, अजून घे, अजून, करत करत तो उणे पाचवर गेला, तेवढ्यात दादी म्हणाल्या इतना नीचे मुझसे नहीं होगा बेटा, मैं तो ऊपर ही ठीक थी. दोघींची जुंपली, अर्धी हिंदीत अर्धी मराठीत, कोणाचा आवाज जास्त म्हातारा यावर. पोरं हसून हसून लोळायची बाकी होती. शेवटी पांढरी एकला तह झाला, दोघीही नाखूश, फौजी काकाही नाखूश, गिटारवाला म्हणाला त्याला कॅपो, तो तारांवर लावून पट्टी चढवायचा चिमटा, काढावा लागेल. मी म्हटलं काढ.